तांबटकाका, आईचा बंब पुन्हा पेटला

तांबटकाका,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर असलं काही वाचत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा नातू वाचून दाखवेल. पैसे दिले तेव्हा तोंडातून नीट दोन शब्दही निघाले नव्हते, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यापर्यंत पोचण्याआधी माझ्या आईला जे ऐकून घ्यावं लागलं, तेही चारचौघांतच ऐकावं लागलं होतं.

आमच्या नाशिकमधल्या मखमलाबादच्या घरामागे न्हाणीला लागून आईचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे. तिच्या लग्नात आजोबांनी दिलेला. गच्चीवर सोलर आहे, आत गिझर आहे, पण आईची अंघोळ बंबाच्याच पाण्याने होते. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या त्यासाठीच रचून ठेवलेल्या असतात, एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्याही. तिकडे निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की इथे आईचे गुडघे बोलायला लागतात, आणि मग बंबाच्या पाण्याशिवाय तिला बरं वाटत नाही. पण खरं कारण वेगळंच आहे. बाबा गेल्यापासून पहाटे उठून करायचं असं तिच्या हक्काचं हे एकच काम उरलंय. बंब पेटला की घर उठतं, असं ती म्हणते.

यंदा थंडी पडायला आणि बंब गळायला एकच गाठ पडली. पाणी खाली राखेत उतरायचं, निखारे विझायचे, मागचं अंगण धुराने भरायचं. आई खोकत खोकत पुन्हा काड्या सरकवायची.

पहिल्या दुकानात बंब उतरवला, तर दुरुस्तीचं बोलायच्या आधीच काटा पुढे आला. "मोडीत घाला आजी, तांब्याला भाव आहे. असलं आता कोण वापरतं?" आई शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त बंबाच्या कडीवरचा हात तिने काढला नाही. दुसऱ्याने ठेवून घेतला आणि तळाला कसलीशी लांबी, म्हणजे पुट्टी, थापून परत दिला. ती पहिल्याच जाळात करपली, आणि त्या वासाने आईला दिवसभर मळमळत होतं. तिसऱ्याने कथलाचा डाग दिला, पैसे आधी मोजून घेतले, आणि डाग सुटल्यावर फोनवर म्हणाला, "जुन्या भांड्याची गॅरंटी नसते." मला राग पैशांचा नाही. बंबाला हात लावून नीट बघण्याचे कष्टसुद्धा यांतल्या एकानेही घेतले नाहीत, त्याचा आहे.

तुम्ही आधी बंब उलटा केला आणि जाळ पेटतो त्या मधल्या नळ्यात बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिलात. मग मला खाली वाकायला लावून दाखवलंत: नळा तळाला मिळतो तिथे आतून क्षाराचा जाड थर बसलाय. आमचं बोअरचं पाणी. धातूला पाणी लागलेलं असेल तोवर जाळ त्याला फारसा तापवू शकत नाही, पण मध्ये क्षार आला की पाणी धातूपर्यंत पोचतच नाही, आणि तेवढीच जागा भाजत राहते. तिथे कथील टिकणार कसं? आकडे मी नंतर शोधले. कथील २३२ अंशांना वितळतं, पितळेच्या झाळेला ९००च्या आसपास लागतात, आणि तांबं १०८५ पर्यंत दम धरतं. तुम्ही आकडा एकही सांगितला नव्हता. "जाळाच्या तोंडाशी कथील नको ताई, पितळेनेच झाळावं लागेल," एवढंच म्हणालात, आणि झाळायला लागणाऱ्या टाकणखाराचा डबा पुढे ओढलात.

मी विचारलं होतं, आतून कल्हईही करून टाकता का. दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. तुम्ही म्हणालात, "कल्हई स्वयंपाकाच्या भांड्याला. आंबट लागलं की तांबं कळकतं म्हणून. यातलं पाणी अंगावर घ्यायचंय, उगाच पैसे कशाला घालता?" समोर चालून आलेले पैसे तुम्ही नको म्हणालात, आणि त्याचं तुम्हाला काही विशेषही वाटलेलं दिसलं नाही.

पण काका, हे पत्र त्यासाठीही नाही. ते त्या वीतभर जागेसाठी आहे.

बंबाच्या पोटावर ठिपक्यांनी कोरलेलं आजोबांचं नाव आहे, खाली आईचं माहेरचं नाव आणि लग्नाचं साल. काजळीने आणि वर्षांनी ते इतकं बुजलंय की आम्हा मुलांनाही धड वाचता येत नव्हतं. तुम्ही त्यावरून बोट फिरवत अक्षर अक्षर लावून वाचलंत. "हे कोण?" म्हणून विचारलंत. आईने सांगितलं. मग जाळ धरण्याआधी तुम्ही गोणपाट भिजवून त्या नावावर बांधलंत. पोचे काढले, सगळा बंब घासून लखलखीत केलात, आणि नाव होतं तेवढी जागा तशीच काळी ठेवलीत. मला वाटलं राहून गेली. तुम्ही माझ्याकडे न बघता आईला म्हणालात, "आई, तिथं मी हात लावला नाही. यंत्रावर घासलं तर ठिपके जातील. ते तुम्हीच चिंचेनं हळू घासा. तुमच्या वडिलांचं नाव आहे."

आजोबा गेले तेव्हा आईला माहेरी पोचायला उशीर झाला होता. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. घरी आल्यावर तिने चिंच भिजत घातली आणि संध्याकाळभर अंगणात बसून ती अक्षरं घासली. मध्येच मला हाक मारून दाखवायची, "हे बघ, 'रा'चा काना निघाला." माझ्या आईला इतकं मन लावून काही करताना मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

तुमच्या दुकानातल्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा आहेत, २००८ची आणि २०१६ची. गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की भांडी बाजाराची काय गत होते, ते नाशिककरांना सांगायला नको. तुमचा नातू सांगत होता, तेव्हा तुम्ही आधी गिऱ्हाइकांची भांडी माळ्यावर चढवलीत आणि मग स्वतःचा भाता हलवलात. मला त्याचं नवल वाटलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूत दुसऱ्याचं माणूस असतं, एवढं ज्याला कळतं तो असंच वागणार. अशी माणसं या गावात आहेत, गल्लीबोळांत पाटी न लावता बसलेली आहेत, आणि आपण त्यांना शोधायच्या आधी काट्यावर जातो. तांबट लेनमधला ठोक्यांचा आवाज कमी झाला असं हळहळून म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे: घरात एखादं गळकं तांब्या-पितळेचं भांडं असेल तर ते मोडीत घालण्याआधी एकदा जुन्या नाशकात घेऊन जा.

बंब रोज पेटतोय. राख कोरडी असते. आईने पहिली बादली मला दिली, तिने नंतर घेतली.

आता तिने माळ्यावरून घंगाळ आणि दोन हंडे खाली काढायला लावलेत. हंड्यांचे पोचे काढायचे आहेत, घंगाळाची एक कडी निखळलीय. पुढच्या आठवड्यात घेऊन येते. तुम्ही सांगाल ते पैसे देईन, आणि या वेळी "राहू द्या ताई, तेवढं चालतं" म्हणून शेवटची नोट परत करायची नाही. आई सोबत येणार आहे. तुमच्यासाठी बागेतली द्राक्षं आणायची असं तिने ठरवलंय, पण ती अजून आंबट आहेत, तेव्हा ती उतरली की मी वेगळी घेऊन येईन.

तुमची,
मखमलाबादची बंबवाली ताई