नोटीस मालकाला, ठेकेदार मात्र मोकळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अनधिकृत बांधकामांच्या बातम्या सारख्या येत असतात, आज या वॉर्डात एवढी बांधकामं पाडली, उद्या त्या वॉर्डात जेसीबी जाणार, अमक्या मालकांना नोटिसा, तमक्यांवर गुन्हे, सगळं छापून येतं. पण ते बांधकाम ज्याने पैसे मोजून घेऊन उभं केलं त्या ठेकेदाराचं पुढे काय झालं याची एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. सध्या आम्ही त्याच फेऱ्यात अडकलोय म्हणून हे पत्र लिहितेय, जमल्यास पूर्ण छापा.

आमचं साधं रो-हाउस आहे, वर-खाली दोन दोन खोल्या, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्ही व्यवस्थित. सासूबाईंना आता जिना चढवत नाही, त्यांना खालची खोली दिली आणि मुलासाठी टेरेसवर एक खोली नि संडास-बाथरूम काढायचं ठरवलं. ठेकेदार आमच्याच भागातला, आसपास बरीच कामं केलेला, लोकांनी नाव सुचवलेला. मटेरियलसकट 14 लाखांत ठरलं आणि त्याने स्वतःच्या लेटरहेडवर सगळं लिहून दिलं, त्यात शेवटची ओळ त्याच्याच अक्षरात आहे, "महापालिकेची परवानगी व प्लॅन पासिंग आमचेकडे". त्या पासिंगचे 60 हजार वेगळे घेतले, ते आम्ही चेकने दिले. काही दिवसांनी व्हॉट्सअॅपवर एका चलनाचा फोटो आला, वरचा भाग कापलेला, आणि खाली मेसेज की फाईल टाकलीय वहिनी, पैसे भरलेत, आता काम चालू करायला हरकत नाही. आणि काम चालू झालं.

पहिल्यांदा टेरेसचा कोबा फोडला, मग खाली असलेल्या कॉलमवर भोकं पाडून सळया बसवल्या, वीटकाम वर आलं, सेंट्रिंग लागलं, स्लॅब पडला. मध्येच बाजूच्या मोकळ्या जागेवर तीन फूट गॅलरी बाहेर काढलेली दिसली, जी आम्ही सांगितलीच नव्हती. विचारलं तर म्हणे वहिनी, तुम्हाला फुकटात जागा वाढवून दिली. ती जागा साईड मार्जिन आहे, तिच्यावर बांधता येत नाही, शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि त्यांनी ती केली ते बरोबरच केलं असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. मग महापालिकेची काम थांबवण्याची नोटीस आली आणि मागोमाग बांधकाम काढून टाकण्याची. दोन्ही माझ्या नावावर, कारण घर माझ्या नावावर आहे.

ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला नोटिसा सगळ्यांनाच येतात, टेन्शन घेऊ नका, मी बघतो. बघतो बघतो करत त्याने तिसऱ्या हप्त्याचे तीन लाख मागितले. आम्ही म्हटलं आधी परवानगी दाखव. मग फोन उचलणं बंद. मी स्वतः बांधकाम परवानगी विभागात गेले, ऑनलाईन सिस्टीममध्ये आमच्या मिळकतीची फाईलच नाही, आणि त्या चलनावरचा नंबर दुसऱ्याच कोणाच्या तरी फाईलचा निघाला. माहिती अधिकारात लेखी उत्तर घेतलं, त्यातही तेच, आपल्या मिळकतीबाबत या कार्यालयास अर्ज प्राप्त नाही. म्हणजे आम्ही परवानगीसाठी पैसे दिले, ते त्याने घेतले, आणि अर्ज कधी केलाच नाही.

आता बांधकामाबद्दल, कारण मला झोप लागत नाही ती या गोष्टीमुळे. आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना आणून दाखवलं. वरच्या चार कॉलमपैकी दोनच खालच्या कॉलमच्या लाईनीत आहेत, बाकीचे दोन सरळ स्लॅबवर उभे केलेत, खाली बीमसुद्धा नाही. जुन्या कॉलममध्ये भोक पाडून सळई बसवताना केमिकल भरावं लागतं, त्याला ठराविक खोली लागते, इथे नुसता सिमेंटचा घोळ ओतलाय. एका कोपऱ्यात कॉलम अजून भरलेला नाही, तिथली सळई इंजिनिअरनी हाताने धरून हलवली आणि ती हलली. माझ्या डोळ्यांदेखत हलली. त्याच्या बरोबर खाली मुलाचा पलंग आहे, तो आम्ही त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत नेला. नव्या स्लॅबला खालून सळई दिसतेय कारण कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई सेंट्रिंगला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे छोटे ठोकळे, लावलेच नव्हते, आणि कोबा फोडल्यावर वॉटरप्रूफिंग राहिलं नाही म्हणून पावसात पहिल्या मजल्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं.

काम थांबल्यावर त्याचा मिस्त्री आणि दोन बिगारी दारात आले. ठेकेदाराने त्यांना सांगितलं होतं मॅडमनी पैसे अडवलेत म्हणून तुमची हजेरी निघत नाही. आम्ही तोवर नऊ लाख देऊन बसलो होतो, चेकच्या नोंदी मी त्यांना दाखवल्या. त्या माणसांचा काय दोष, जे सांगितलं ते त्यांनी बांधलं, त्यांच्या घामाचे पैसे पण यानेच ठेवून घेतले.

पोलीस चौकीत गेलो तर हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. महापालिकेच्या इंजिनिअरना मी विचारलं की साहेब, लेटरहेड आहे, चेक आहे, चलनाचा फोटो आहे, मग नोटिशीत या माणसाचं नाव का नाही, तर ते म्हणाले आमच्या रेकॉर्डला मालकाचंच नाव येतं. महारेरा कडे जाता येत नाही, कारण ते बिल्डर जे फ्लॅट-प्लॉट विकतो त्या प्रकल्पांसाठी आहे, स्वतःच्या घराचं काम ठेकेदाराला दिलेल्यांसाठी नाही. आणि आता त्याच ठेकेदाराची वकिलामार्फत नोटीस आलीय की राहिलेले पैसे द्या!

संपादक साहेब, मी कायद्याची विद्यार्थिनी नाही पण या निमित्ताने कायदा वाचला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, त्याचं कलम 52. त्यात गुन्हेगार म्हणून फक्त मालक लिहिलेला नाही. जो कोणी परवानगीशिवाय बांधकाम सुरू करेल किंवा पार पाडेल, मग ते स्वतःहून असो की दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून, त्याला कमीत कमी एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि 2 हजार ते 5 हजार दंड. दुसऱ्याच्या सांगण्यावरून बांधकाम करणारा म्हणजे ठेकेदारच ना? कायद्यात तो पहिल्यापासून आहे, फक्त कारवाईत नाही. पाडण्याची नोटीस कलम 53 खाली जाते ती मालक, विकासक किंवा भोगवटादार यांना, तेवढं एक टाईप करून झालं की महापालिकेचं काम संपलं, पण 52 खाली गुन्हा दाखल करताना ठेकेदाराचं नाव घालायला कोणी हात धरलाय का? वर महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ खाली घरपट्टीच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लागू शकते, तीही अर्थात मालकालाच, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. ठेकेदार तोवर दुसऱ्या गल्लीत दुसरा स्लॅब टाकत असतो. आमचा टाकतोय, मी रोज ऑफिसला जाताना बघते.

दुसरी गोष्ट मला कळतच नाही ती परवान्याची. घरात वायरिंग करणाऱ्या ठेकेदाराला सरकारचं लायसन लागतं. नळाच्या कामाला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. नकाशावर सही करणाऱ्या आर्किटेक्टची नोंदणी असते, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना असतो. आणि ज्याच्या हातात कॉलम, बीम, स्लॅब असतात, ज्याच्यावर माणसांचे जीव उभे असतात, त्याच्या नावाची आमच्यासारख्या घरगुती कामांसाठी कुठेच नोंद नाही. लेटरहेड छापलं की झाला ठेकेदार. उद्या फोन नंबर बदलला की शोधायचा कुठे.

हे फक्त पैशाचं प्रकरण आहे असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी घाटकोपर आठवावं. 25 जुलै 2017, दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर आतलं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला असा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचा त्या कामाशी काय संबंध होता? आमच्या रो-हाउसची एक भिंत शेजाऱ्यांबरोबर कॉमन आहे, आमचं बांधकाम खाली आलं तर ते फक्त आमच्यावर येणार नाही. आणि कागदांचं म्हणाल तर डोंबिवलीच्या 65 इमारतींमध्ये महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी नंबरसुद्धा घेतले गेले, लोकांनी नंबर बघून, कर्ज काढून घरं घेतली आणि 2024 च्या नोव्हेंबरात हायकोर्टाने त्या पाडायला सांगितलं. तिथे एवढं सगळं बघून घेणाऱ्यांवर ही वेळ आली, मग व्हॉट्सअॅपवरच्या चलनाचं काय घेऊन बसलात.

सुप्रीम कोर्टाने 17 डिसेंबर 2024 ला मेरठच्या एका प्रकरणात निकाल दिलाय, मी तो दोनदा वाचला. त्यात स्पष्ट आहे की बेकायदा बांधकाम जुनं आहे, त्यात पैसा गुंतलाय, अधिकाऱ्यांनी उशीर केला, यातलं काहीही त्याला वाचवू शकत नाही. ते मला मान्य आहे, मी माझी खोली वाचवा म्हणून हे पत्र लिहीत नाहीये, इंजिनिअरनी सांगितलंय तेवढा भाग उतरवावाच लागणार आणि आम्ही तो उतरवणार आहोत. पण त्याच निकालात असंही सांगितलंय की काम चालू असेपर्यंत मंजूर नकाशाची प्रत साईटवर लावलेली पाहिजे आणि अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून त्याची नोंद ठेवली पाहिजे. आमच्या भागात चालू असलेल्या कामांवर मला तरी असा नकाशा लावलेला कुठे दिसला नाही. कोबा फोडला त्या आठवड्यात कोणी येऊन नकाशा मागितला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता, पडला असता तो फक्त कोबा. नोटीस आली ती स्लॅब पडल्यावर.

काही लोक म्हणतील की मालकच परवानगी नको म्हणतात, चार पैसे वाचतात म्हणून. असे मालक आहेत, आमच्या कॉलनीत पण आहेत, त्यांच्यावर जरूर कारवाई करा. पण अशा वेळी सुद्धा ठेकेदाराला सगळं माहीत असतं. मालक आयुष्यात एकदा किंवा दोनदा बांधतो, ठेकेदार दर महिन्याला बांधतो, कुठे किती मार्जिन सोडायचं हे त्याला पाठ असतं. माहीत असून जो करतो त्याला मोकळं सोडायचं आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला त्याला दंड, हा कुठला न्याय?

आम्ही आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. आमच्यासारखे जे असतील त्यांच्यासाठी सांगते, घराचं बांधकाम करून देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवा आहे, 50 लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोगातच जाता येतं, आणि फी फारच कमी आहे, 5 लाखांपर्यंत काहीच नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते म्हणून आज बघू उद्या बघू करू नका, 1915 या हेल्पलाईनवर आधी विचारून घ्या. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांनी ठेकेदाराकडून पासिंग करून घेण्यापेक्षा स्वतःचा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर वेगळा नेमावा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र स्वतःच्या नावाचं, अख्खं, हातात आल्याशिवाय एक वीट लावू देऊ नये, आणि फाईल नंबर महापालिकेच्या सिस्टीमवर स्वतः टाकून बघावा. नुसत्या फरशा, रंग, गिलावा अशा आतल्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही पण कॉलम-बीमला धक्का लागणार असेल, मजला वाढणार असेल तर लागतेच, मग समोरचा काहीही सांगो. बेकायदा कामाचा करार कोर्टात टिकणं अवघड असतं असं आमच्या वकिलांनी सांगितलंय, म्हणजे वाद झाला तर नुसत्या कराराच्या जोरावर पैसे परत मिळतील याची पण खात्री नाही.

आपल्या पेपरमार्फत मा. आयुक्तांना माझी विनंती आहे की यापुढे काम थांबवण्याच्या प्रत्येक नोटिशीत काम करणाऱ्या ठेकेदाराचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर लिहिला जावा, नोटीस द्यायला येणारा माणूस साईटवर उभा असतो तेव्हा ठेकेदार किंवा त्याचा मुकादम तिथेच असतो, विचारायला दोन मिनिटं लागतात. घरगुती कामांच्या ठेकेदारांची वॉर्ड ऑफिसला नोंदणी सुरू करावी आणि ज्याच्यावर 52 खाली गुन्हा आहे त्याचं नाव यादीतून काढून ती यादी वेबसाईटवर ठेवावी. आमच्या प्रकरणात लेटरहेड, चेकची नोंद, चलनाचा फोटो, इंजिनिअरचा रिपोर्ट आणि माहिती अधिकाराचं उत्तर असा पूर्ण संच मी आवक-जावक विभागात देऊन पोच घेतलीय. त्या ठेकेदारावर गुन्हा दाखल करणार की नाही, एवढं लेखी उत्तर मला हवंय.

आपली,
एक घरमालक
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)