शेंगदाण्याचं तेल अन् कोठीची किल्ली

बाबा,

नमस्कार. काल आईचा फोन आला होता, म्हणे छकुली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खुनाचे पुस्तकं वाचून राहिली अन् तुम्ही सगळे पुस्तकं कोठीत कुलपात टाकले. ते पुस्तकं मीच पाठवले, शिव्या द्यायच्या तर मले द्या.

पण बाबा, तुम्ही बोलता? आजीनं सांगितलं हाय मले, तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या रहस्यकथा लपवून वाचत बसले अन् तिकडे बैलं दुसऱ्याच्या तुरीत.

मी बी वाचतो हे पुस्तकं, इथं मँचेस्टरले ट्रेनमधे. त्यातलं एक २०१७ चं, अमेरिकेतल्या करेन मॅकमॅनस बाईचं. शाळेत पाच पोट्टे शिक्षा म्हणून बसवून ठेवलेले, त्यातला एक पाणी पेला अन् मेला, काहून तर त्याले शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अन् कपात शेंगदाण्याचं तेल! मले पहिले हसूच आलं, आपल्याकडे शेंगदाण्याशिवाय कोणती भाजी होते. पण मंग झोप नाही लागली. मेलेल्या पोट्ट्याले सगळ्यांच्या भानगडी माहीत, अन् उरलेले चारही काही ना काही लपवून राहिले. आपल्या पानठेल्यावर दुसरं काय चालते सांगा?

खून तर सुरुवातीलाच उरकते. पुढं पोलिस, मास्तर, मायबाप कोणी पोरांचं धड ऐकत नाही, म्हणून पोरंच विचारत फिरतात. छकुलीले घरात कोण काय विचारते हो? सोयाबीन कधी काढायचं ते नाही, तिच्या कॉलेजचं काय करायचं ते बी नाही. पुस्तकात तिच्याच वयाची पोट्टी प्रश्न विचारते अन् मोठ्या माणसाले उत्तर द्यावं लागते.

अन् लेखकाले लबाडी करता येत नाही. नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्रीनं १९२९ मधेच नियम लिहून ठेवले, गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलेच दिसला पाहिजे, पुरावे वाचकापासून लपवायचे नाहीत. म्हणून छकुली पुरावे हुडकून पानावर पेन्सिलच्या खुणा करते, पुस्तक खराब नाही करून राहिली ती. (इंग्रजी सुधारते हे कारण मी मुद्दाम देत नाही, ते तुम्हाले लगेच पटन.)

कोठीची किल्ली देऊन टाका तिले. नाही देली तर ती शोधनच, अन् कुलूप कोणी उघडलं हे तुम्हाले कळणार बी नाही.

कापूस काय भावानं गेला ते कळवा. अन् तिसऱ्या पुस्तकात खुनी कोण हे मी आईले फोनवर सांगून बसलो, तिले म्हणा तोंड बंद ठेव.

तुमचा,
मोठा

ता. क. : निळ्या कव्हरचं तुम्ही वाचून पाहा, झुंजारची आठवण येईन.