मारहाणीच्या बातमीखाली मदतीचे नंबर छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात नवऱ्यानं बायकोला मारल्याची बातमी आली की कट्ट्यावर एकच चर्चा, एवढा मारत होता तर ही आधीच निघून का गेली नाही. मी तासगाव तालुक्यात बचत गटाचं काम करते, मीटिंग संपल्यावर हप्त्याचं काहीतरी विचारायचंय म्हणून बायका मागं थांबतात आणि मग खरं काय ते बोलतात, त्यामुळं हे लिहितेय. घर सोडायचा टाइम हाच सगळ्यात धोक्याचा असतो. बाई आता हातातनं चालली हे कळलं की मारणारा जास्त पेटतो, आणि त्यानं आधी एकदा जरी गळा दाबला असेल किंवा कोयता दाखवला असेल तर दारूच्या नशेत झालं म्हणून ते सोडून द्यायचं नाही, जिवाला खरंच धोका असतो. म्हणून निघायचं असो नाहीतर अजून घरातच राहायचं असो, आधी शांतपणे ठरवून ठेवायला पाहिजे. जिवावर बेतलं तर मात्र कशाचीच वाट बघायची नाही, सरळ ११२ लावायचा.

आमच्याकडची एक बाई प्रत्येक बाजारादिवशी एकेकच कागद घेऊन यायची, पोरांचे जन्मदाखले, आधार, बँकेचं पासबुक, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कारण कपाटातली फाइल एकदम पातळ झालेली सासूच्या लगेच लक्षात आली असती. ते कागद कुठं ठेवले ते मी इथं लिहिणार नाही, नवरेपण पेपर वाचतात. पण तिनं जागा अशी निवडली की तो पहिल्यांदा जिथं शोधायला जाईल, म्हणजे माहेर आणि जवळची मैत्रीण, तिथं काहीच नव्हतं. शेजारणीशी एक खूण ठरवली होती, तो शब्द ऐकला की शेजारणीनं काही न विचारता फोन लावायचा. पोरांना एवढंच शिकवलं होतं की भांडण सुरू झालं की मधे पडायचं नाही, शेजारी पळायचं. आणि तिनं स्वतः काय केलं तर आवाज वाढला की स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथं विळी असते, गॅस असतो, दाराजवळ राहायचं.

मोबाइलचं कुणी सांगतच नाही. त्यात लोकेशन चालू असतं, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर जोडलेलं असतं, बँकेचा ओटीपी नवऱ्याच्या नंबरला जातो. मदतीचा फोन शक्यतो दुसऱ्याच्या मोबाइलवरनं करा. आणि दवाखान्यात पायरीवरनं पडले असं सांगू नका हो, खरं कारण केसपेपरवर आलं तर पुढं कोर्टात तोच पुरावा होतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली २००६ साली नियम झाले, त्यात फॉर्म ५ हा सुरक्षा योजनेचाच आहे, म्हणजे जीव वाचवायला काय करायचं ते आधी ठरवून लिहून ठेवायचं. संरक्षण अधिकाऱ्यानं, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं, बाईशी बोलून, धोका किती आहे ते बघून तो भरायचा असतो. किती जणींना माहितीय हे? मागितल्याशिवाय तो बऱ्याच ठिकाणी निघतच नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून नाव घेऊन मागा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असंच हाकलून देता येत नाही, उलट मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतात. त्रास द्यायचा नाही असा कोर्टाचा संरक्षण आदेश असतो, तो त्यानं मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सासर वाळव्यात आणि ती सध्या जतला माहेरी असेल तर अर्ज जतलापण करता येतो, आणि सरकारकडनं वकिलाची मदत बाईला फुकट मिळते, तिथं उत्पन्नाची अट नाही.

आता तुमच्याकडं मागणं. बाई माहेरी गेली असेल तर माहेरच्या गावाचं नाव कृपा करून छापू नका, तो पत्ताच शोधत असतो. आणि अशा प्रत्येक बातमीखाली एक चौकट टाका, महिला हेल्पलाइन १८१, पोलिसांचा ११२, मुलांसाठी १०९८, आणि सखी वन स्टॉप सेंटरमधे तात्पुरतं राहायची, पोलिसांची, वकिलाची मदत मिळते एवढं एक वाक्य. द्राक्षाचे, बेदाण्याचे, हळदीचे भाव तुम्ही नेमानं छापता आणि ते गावात शेवटच्या घरापर्यंत वाचले जातात, तसे हे नंबरपण जातील. पेपर भाजी निवडायला खाली अंथरला तरी बाईच्या नजरेला पडतील, वेगळं काही शोधावं लागणार नाही, लपवावंही लागणार नाही.

माझं नाव छापू नका, ज्या माझ्याशी बोलतात त्यांच्या घरी संशय यायला नको.

– बचत गटातली एक कार्यकर्ती, ता. तासगाव, जि. सांगली