जिम सोडणारे सगळे आळशी नसतात

संपादक महोदय,

जानेवारीत आमच्या जिममध्ये ट्रेडमिलसाठी लाईन लागते आणि होळीपर्यंत निम्म्या मशीन रिकाम्या, हे मी गेली सहा वर्षं बघतोय. लोक आळशी आहेत म्हणून सोडतात असं सगळे म्हणतात, मला नाही पटत. वर्षाची फी एकदम घेतली, पहिल्याच दिवशी शंभर स्क्वॉट्स मारून घेतले, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, मग चार दिवस खाडा आणि कुणाचा साधा फोनही नाही, तर माणूस परत येणार कसा? तालमीत पोरगं दोन दिवस दिसलं नाही की वस्ताद निरोप धाडतात.

आमच्या एक काकू गुडघ्यांमुळे सोडणारच होत्या, ट्रेनरने त्यांना फक्त खुर्चीवरून दहा वेळा उठायला-बसायला लावलं आणि रोजचा आकडा वहीत लिहायला सांगितला. आज ती वही भरत आलीये!

२०१० मध्ये छापून आलेल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला पार २५४, आणि एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडला नाही. हे नवीन मेंबरला पहिल्याच दिवशी सांगा ना. आणि फी कृपया महिन्याची ठेवा.

– एक वाचक, पुणे