बेलनॅपहून आल्यावर

प्रिय आई-बाबा,

शनिवारी आम्ही फोर्ट बेलनॅपला, म्हणजे टेक्सासमधल्या जुन्या लष्करी ठाण्याला, जाऊन आलो, डॅलसपासून गाडीने दोन-अडीच तास. किल्ला म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यासमोर बुरुज आले असतील, तसलं काही नाही हां, सपाट माळ आणि थोडी दगडी घरं, तीही बरीचशी १९३६ च्या सुमाराला पुन्हा बांधलेली. तुमचा नातू म्हणाला तटबंदी कुठेय, परत चला.

पण गोष्ट ऐका. १८६१ मध्ये टेक्सास अमेरिकेतून फुटलं आणि सरहद्दीवरची केंद्राची फौज ठाणी सोडून निघून गेली. इकडची माणसं उत्तर-दक्षिणेच्या यादवीत लढायला पूर्वेकडे, आणि पश्चिमेला कोमांची आणि कायोवा या मूळ रहिवासी जमाती, ज्यांची मुळात ही जमीन, त्यामुळे "हल्लेखोर" कोणाला म्हणायचं हा प्रश्नच आहे. मग राज्याने स्वतःची फ्रंटियर रेजिमेंट, म्हणजे सरहद्द राखणारी पलटण, काढली. १८६२ मध्ये कर्नल नॉरिसने रेड नदीपासून रिओ ग्रँडेपर्यंत सोळाएक छावण्या लावल्या, दोन छावण्यांत साधारण ४० किलोमीटर, मधे घोड्यावरून गस्त. कागदावर झकास! पण गस्त ठरलेल्या वाटेने ठरल्या वेळी, कोमांचींनी ते हेरलं, गस्त पुढे गेली की हे मधून आत आणि घोडे घेऊन पसार. बाबा तुम्ही म्हणायचात ना, गुरखा शिट्टी मारतो म्हणजे चोराला सांगतो की मी आत्ता इथे आहे, अगदी तेच. १८६३ मध्ये नॉरिसच्या जागी कर्नल मॅकॉर्ड आला, त्याने वेळापत्रकच मोडलं, मोठ्या तुकड्या कधीही कुठेही.

१८६४ मध्ये ती रेजिमेंट कॉन्फेडरेट, म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या, लष्कराकडे गेली, बरेच जण सरहद्दीवरून हलवले, राखायला उरले घरचेच शेतकरी, आळीपाळीने. त्याच ऑक्टोबरात इथल्या एल्म क्रीक ओढ्याकाठच्या वस्तीवर कोमांची-कायोवांचा मोठा हल्ला झाला. ब्रिट जॉन्सन म्हणून एक कृष्णवर्णीय माणूस होता, तो बाहेर गेलेला, मुलगा मारला गेला, बायको-मुली पळवल्या, पुढे त्या परत मिळाल्या. मग लोक घरं सोडून एकत्र राहायला लागले, जमिनीत खांब रोवून मधे माती लिंपलेल्या खोल्या. आई, तुझ्या माहेरचा कूड गं!

येताना गाडीत एकच डोक्यात. मी दर रविवारी सकाळी बरोब्बर आठला फोन करते, तुम्ही आंघोळ करून, आवाज खणखणीत करून बसलेले, "आम्ही मस्त". आणि बाबा न्हाणीघरात पडले ते मला तीन आठवड्यांनी काकूकडून कळतं. त्या तीन आठवड्यांत तीन रविवार होते की नाही?

तर आता रविवारचा फोन बंद. मंगळवारी दुपारी येईल नाहीतर शुक्रवारी रात्री, व्हिडिओवरच, आणि बाबांना खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत चालून दाखवायला लावणार आहे. चार्जर फोनजवळच ठेवा.

तुमची,
छकुली