राख मिसळली म्हणजे चिकटली नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वस्तीतल्या बगिच्यात दोन वर्षांपूर्वी प्लॅस्टिकचा कचरा आणि वीज केंद्राची राख मिसळून तयार केलेली बाकं आणि फरशा बसवल्या गेल्या. नारळ फुटला, फोटो निघाले, 'पर्यावरणपूरक हायब्रिड मटेरियल' असा फलक लागला. (आपल्याकडे हायब्रिड म्हटलं की ज्वारीच आठवते, त्यामुळे फलकाकडे बऱ्याच जणांनी जरा संशयानंच पाहिलं.) पहिला उन्हाळा बाकांनी काढला. पावसाळ्यानंतर कडा भुरभुरू लागल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यात एका बाकाची पाठ एका आजोबांच्या हातात आली. आजोबा त्या वेळी उभे होते हे नशीब. फलक मात्र अजून शाबूत आहे.

वस्तीत निकाल लगेच लागला, की कंत्राटदारानं माल खाल्ला. खाल्ला असेलही, मी त्याची वकिली करत नाही. पण तुटलेल्या पाठीचा एक तुकडा मी घरी आणला आणि नातवाच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बाजूनं टॉर्च धरून पाहिला. उडती राख कणाकणानं गोल असते, काचेच्या बारीक मण्यांसारखी. कोळशातली माती भट्टीत वितळते आणि धुराबरोबर उडता उडता थेंबाच्याच आकारात गोठते. त्या तुकड्यात एकेक मणी धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता, अंगावर प्लॅस्टिकचा मागमूस नाही. जिथून मणी निसटले होते तिथे तितकेच स्वच्छ गोल खड्डे. म्हणजे राख होती, प्लॅस्टिकही होतं, प्रमाणही कदाचित ठरल्याप्रमाणे असेल. दोघं एका घरात राहत होते, पण बोलचाल नव्हती.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. प्लॅस्टिकच्या दाण्यात खडूची भुकटी, टाल्क, कधी काचेचे तंतू घालून कंपाउंड बनवणं हे आमचं काम. याला आमच्याकडे 'फिलर मारणं' म्हणत, आणि ऐकणाऱ्याला त्यात हमखास भेसळीचा वास येई. दर वेळी तो खरा नसतो. नीट घातलेल्या फिलरनं माल कडक होतो, साच्यातून निघाल्यावर कमी आकसतो, उन्हात कमी वाकतो. सगळी मेख त्या 'नीट'मध्ये आहे.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन हे त्या पानासारखेच, मेणाच्या घराण्यातले. राख, खडू, काच ही मंडळी पाण्याच्या घराण्यातली. हवेतली ओलसुद्धा त्यांच्या अंगाला चिकटून बसलेली असते. पाण्याचा पृष्ठताण (थेंबाला गोळा करून ठेवणारी ओढ) सेंटिमीटरला ७२ डाइन, तर पॉलिथिनचा पृष्ठभाग ३१च्या आसपास. म्हणून तर प्लॅस्टिकच्या फिल्मवर शाई धरत नाही. छपाईआधी फिल्मवर उच्च दाबाच्या विजेच्या ठिणग्यांचा मारा करतात, त्याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. करोनाची साथ आली तेव्हा आमच्या जुन्या ऑपरेटरांना या नावावरून फार चेष्टा सहन करावी लागली. त्या माऱ्यानं पृष्ठभाग ३८ डाइनच्या वर जातो, खास पेनानं रेघ ओढून तो तपासतात आणि मग छापतात. फिल्म महिनोन् महिने गोदामात पडली तर हा असर उतरत जातो. पाकिटावरचं नाव नखानं खरवडून निघालं तर शाईला दोष देऊ नका, बहुतेक हे राहून गेलेलं असतं.

भुकटीचं गणित जरा वेगळं. शिऱ्यासाठी रवा आधी तुपात का भाजतात? कणाकणाला तूप लागलं की पाणी ओतल्यावर गाठी होत नाहीत. खडूच्या भुकटीला आम्ही अगदी हेच करायचो. हाय-स्पीड मिक्सर गरम करायचा आणि वजनाच्या साधारण एक टक्का स्टिअरिक ॲसिड टाकायचं, जे मुळात चरबी-तेलातूनच येतं. त्याचं आम्ल टोक खडूतल्या कॅल्शियमला धरतं आणि १८ कार्बनांच्या साखळीची शेपटी बाहेरच्या बाजूला राहते. कण बाहेरून तेलकट झाला की प्लॅस्टिकमध्ये सुटा सुटा पसरतो. पीव्हीसीच्या पाइपात असा लेपाचा खडू सर्रास असतो. त्याची परीक्षा कुणालाही करता येते. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर भुकटी टाकायची, कोरी असेल तर बुडते, लेपाची असेल तर तरंगते. आमच्याकडे जो लॉट बुडाला तो आल्या ट्रकनं परत जाई.

पण स्टिअरिकनं ओळख होते, गाठ पडत नाही. ज्यावर माणूस बसणार त्या वस्तूत गाठच लागते, आणि ती मारणारं रसायन म्हणजे सिलेन. सिलिकॉनच्या एका अणूला चार हात समजा. तीन हात पाण्याच्या संपर्कात उघडतात आणि काचेच्या किंवा राखेच्या अंगावरच्या हायड्रॉक्सिल गटांशी (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांशी) जोडले जातात. चौथा हात सेंद्रिय, तो प्लॅस्टिककडे वळतो. कुठल्या प्लॅस्टिकला कुठला हात, हे ठरवायला मात्र डोकं लागतं. खडूवर सिलेन फारसं चालत नाही, कारण धरायला तिथे तसे गटच नाहीत.

हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवायला लागले, तेव्हा कोरड्यात दणकट असलेला माल भिजला की ताकद सोडत असे. १९४७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून अमेरिकी नौदलासाठी झालेल्या एका अहवालात दिसलं, की काचेवर रेझिनशी जुळणाऱ्या हाताचं सिलेन लावलं तर न जुळणाऱ्या हाताच्या सिलेनपेक्षा ताकद दुप्पट मिळते. आज आपल्या दाढेत दंतवैद्य जो पांढरा मसाला भरतात, तोही काचेची भुकटी आणि रेझिनच असतो आणि त्या भुकटीला सिलेन लावलेलं असतं. तोंडात तर बारा महिने पावसाळाच. जे दाढेत टिकतं ते बाकात टिकत नाही, याचं कारण राखेच्या अंगाला कुणी हात लावलेला नाही, एवढंच.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा ४५च्या वर, आणि उन्हात पडलेलं बाक त्याहून तापलेलं. तापल्यावर प्लॅस्टिक राखेच्या कितीतरी पट फुगतं, रात्री आकसतं. रोजची ही ओढाताण चालते त्या दोघांच्या सीमेवर. गाठ नसेल तर तिथे केसाएवढी फट पडते आणि जूनमध्ये पहिली सर आली की पाणी त्या फटीतून आत ओढलं जातं. बाक मेमध्ये सुटलेलं असतं, कळतं सप्टेंबरमध्ये.

हे मी कुणाला शहाणपण शिकवायला सांगत नाही, स्वतः तोंडघशी पडलोय म्हणून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कोराडीच्या वीज केंद्रातल्या राखेचं एक पोतं स्कूटरवर घालून आणलं होतं. तीस टक्के राख पॉलिप्रॉपिलीनमध्ये घातली, करडा, देखणा दाणा निघाला, पट्ट्या कोरड्यात तपासल्या, आकडे बरे आले, आणि मी मालकांपुढे चांगलंच भाषण ठोकलं. उरलेल्या पट्ट्या गच्चीवर विसरलो. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या फोरमननं त्यातली एक उचलून माझ्यासमोर दोन बोटांनी मोडली आणि म्हणाला, "साहेब, तुमची राखड पुन्हा राखडच होऊन राहिली ना बाप्पा!"

मग अमिनो सिलेन, म्हणजे चौथा हात अमिनो गटाचा असलेलं सिलेन, आणलं. तरी जमेना. पॉलिप्रॉपिलीनकडे त्या हाताला धरायला काहीच नसतं, हे समजायला मला बरेच महिने लागले. त्या हाताला धरता येईल असं मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिप्रॉपिलीन सोबत घातलं तेव्हा कुठे पट्टी भिजूनही तग धरू लागली. शिवाय राखेत न जळलेला कोळसा असतो, तो महागाचं सिलेन फुकट पिऊन टाकतो. राखेच्या वितळून गोठलेल्या पृष्ठभागावर धरायला गटही कमी. ते वाढवायला कॉस्टिक सोड्यानं धुवा, आणि धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट लावा. सिलेन लागतं राखेच्या एखाद-दोन टक्केच, पण जवळजवळ फुकटच्या मालाला महागडा लेप लावायचा म्हटलं की हिशेबनीसाचा चेहरा पडतो. आमचाही प्रकल्प तिथेच थांबला.

सिमेंटचं तसं नाही, हे मुद्दाम सांगतो. तिथे राख चुन्याशी स्वतःच रासायनिक क्रिया करते, पाणी तिचा शत्रू नसून मदतनीस असतं. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख नियमानुसारच घालतात. त्यामुळे 'राखेच्या विटा चालतात, मग बाकं का नाही?' हा आमच्या नगरसेवकांचा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटला तरी दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधतो. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनं वीज केंद्रांना शंभर टक्के राख वापरात आणणं बंधनकारक केलं. कोराडी-खापरखेड्याच्या राखेचे ढीग आपण रोज पाहतो, तेव्हा या घाईबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या फरशीतून दोन वर्षांत राख आणि प्लॅस्टिकचा चुरा दोन्ही सुटून नाल्यावाटे नाग नदीत जाणार, तिला वापर कसा म्हणायचा?

आमच्या बाकांच्या निविदेचा कागद मी मागून वाचला. राख किती टक्के, कचरा किती टक्के, रंग कोणता, फलकाचा आकार केवढा, सगळं आहे. राखेवर कोणती प्रक्रिया केली याचा एक शब्द नाही. महापालिकेनं आणि नासुप्रनं (नागपूर सुधार प्रन्यासनं) पुढच्या वेळी दोन ओळी वाढवाव्यात एवढंच मागणं आहे. फिलरच्या पृष्ठभागावर काय आणि किती लावलं ते लिहून द्यावं. आणि वाकवण्याच्या चाचणीचे दोन आकडे द्यावेत, एक कोरड्या नमुन्याचा आणि दुसरा दोन तास उकळत्या पाण्यात ठेवलेल्या नमुन्याचा. दुसरा आकडा पहिल्याच्या फार खाली असेल तर ते बाक शोकेसमध्ये ठेवायचं आहे. चाचणीसाठी मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही. खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली आपली एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), आता विद्यापीठ झालेली, अमरावती रोडवरच आहे. रंग, तेल आणि प्लॅस्टिक हे तिचे जुने विषय.

बाकाचा तो तुकडा मी गॅलरीत स्टीलच्या पेल्यात पाणी घालून ठेवला आहे. तीन आठवड्यांत तळाशी बोटाच्या पेराएवढा करडा गाळ बसलाय आणि आमच्या सौभाग्यवतींनी पेला परत मागायला सुरुवात केली आहे. संबंधित अभियंत्यांना पाहायचा असेल तर त्यांनी लवकर यावं, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लॅब केमिस्ट
प्रतापनगर, नागपूर