हैदराबादची तिकिटं माघारी कर

विटा,
26 मे 2024

प्रिय संभा,

मृगाला आम्ही हैदराबादला यावं म्हणून तू काढलेली तिकिटं फोनवर आली. माघारी कर. फोनवर सांगायला गेलो की तू मधेच तोडतोस, म्हणून कागद घेतलाय.

नामपल्लीच्या मैदानात जिवंत मरळीच्या तोंडात औषध घालून ती गिळायला देतात, हे तू दहादा सांगितलंस. दम्याला त्याचा गुण येतो की नाही, यावर मी तुझ्याशी भांडत नाही. पण आमच्या ओमला दमा नाहीच. शिवाय चार वर्षांचं धापा टाकणारं पोर, जिवंत मासा आणि ती गर्दी! तू स्वतः बाप आहेस, गड्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रात्री ओमला घेऊन मिरजेला गाडी तूच हाणली होतीस. तुझी सुट्टी संपली आणि पुढचं तुला अर्धवटच कळलं. ॲडिनोव्हायरस निघाला. सर्दी आणि डोळे येणं ज्यानं होतं, तोच. 1953 साली मुलांच्या नाकामागच्या काढलेल्या ॲडिनॉइडच्या गाठींतून तो पहिल्यांदा सापडला, म्हणून हे नाव. बहुतेक पोरं आठवड्यात खेळायला लागतात. ओम अकरा दिवस आयसीयूत होता. घरी आणला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले.

पेढ्यांची घाई झाली. खोकला राहिलाच, आणि झोपेतसुद्धा बरगड्या आत ओढल्या जायच्या. इथल्या दवाखान्यात पाच महिने दमा म्हणून वाफ देत होते. दम्याच्या वाफेनं आवळलेल्या नळ्या सैल होतात, पण ह्याला फरक पडेना. शेवटी पुण्यात सीटी स्कॅन केला. छातीचा फोटो आईच्या गोधडीसारखा, एक तुकडा करडा, एक काळा. काळ्या तुकड्यांत हवा अडकून बसलीय, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. विषाणूनं फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचं अस्तर जाळलं, आणि शरीरानं ते सांधताना इतका व्रण धरला की नळ्याच बुजत आल्या. नाव ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. पाठ करायला मला आठवडा लागला. श्वास आत जातो, बाहेर पडताना अडतो.

आता तुझ्याबद्दल. गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या दुकानात नायट्रिक ॲसिडवर सोनं टाकलं की जो तांबूस धूर उठतो, त्यानंही ह्याच नळ्या अशाच बुजू शकतात, तेही कधी कधी धूर लागून दोन-तीन आठवडे उलटल्यावर. बाईंनी सहज विचारलं, घरात कुणी गलाई करतं का? आपल्या भागातलं कुठलं घर त्याला सुटलंय! ओमच्या आजाराशी त्याचा संबंध नाही, पण त्या रात्री मला तुझं खिडकी नसलेलं दुकान दिसत राहिलं. पंखा बसव. तिकिटांचे पैसे त्यात घाल.

औषधं सांगतो, म्हणजे तू गल्लीत नवीन काही विचारत फिरणार नाहीस. ॲझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा. ते जंतू मारायला नाही, सूज दाबायला. मास्क लावलेल्या नळीतून पंप. महिन्यातून तीन दिवस दवाखान्यात स्टिरॉइडची सलाईन. मग ओम रात्री दोनला भाकरी मागतो आणि मिळाली की फेकून देतो. झोपेत ऑक्सिजनचं यंत्र लागतं. लाईट गेली की मी उठायच्या आधीच तुझी वहिनी इन्व्हर्टरपाशी पोचलेली असते. रक्तातला ऑक्सिजन मोजायला पायाच्या अंगठ्याला लावलेल्या त्या लाल दिव्यावर 93 दिसलं तरच आम्ही दोघं पडतो.

तुझा खरा प्रश्न मला माहीत आहे, तू विचारत नाहीस एवढंच. बहुतेक पोरांत हा आजार वाढत जात नाही. झालेला व्रण मात्र पुसत नाही. पण ह्या वयात फुप्फुस अजून वाढत असतं, नवी जागा तयार होते. बाईंनी भरवसा दिलाय तो एवढाच. मी त्यावर चाललोय, आणि कुणी ‘होईल बरा’ म्हटलं की मला राग येतो. तुझाही आला होता.

बेंदराला येशीलच. येताना साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या आण, चांगल्या डझनभर. श्वास हळू सोडायची सवय लागावी म्हणून त्याला रोज फुगे काढायला सांगितलेत. काल एक फुगा कडुलिंबापर्यंत गेला, तेव्हा आईला हाक मारून दाखवला त्यानं. उदबत्तीचा पुडा आणू नकोस. आणि सर्दी झाली असेल तर उंबऱ्याबाहेरच थांब, चहा बाहेर देतो.

तुझा,
दादू